हरवलेला जेट आणि माझं जर्नल

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळा. थर्ड इयरला हीट ट्रान्स्फरच्या जर्नलमध्ये मी ३४.५ चे ३५.५ केले होते.

यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. आपल्या होस्टेलमध्ये असं काही न केलेला एक जण दाखवा, मी त्याला महिनाभर माझी रविवारची स्वीट डिश देतो. पण या एका अंशाची मला नंतर जी लाज वाटली ती थेट जिनिव्हामार्गे आली. म्हणून हा लेख.

प्रॅक्टिकल मेकॅनिकलच्या सगळ्यांना पाठ आहे. डबल पाइप हीट एक्स्चेंजर. आतल्या नळीतून गीझरचं गरम पाणी, बाहेरच्या नळीतून थंड पाणी. चार थर्मामीटर, एक मेजरिंग सिलिंडर, एक स्टॉपवॉच. गरम पाण्याने जेवढी उष्णता गमावली तेवढी थंड पाण्याने कमावली पाहिजे, एवढं साधं. आमच्या बॅचचं गरम पाणी सेकंदाला ०.०५ किलो या दराने वाहत होतं आणि ६२ अंशांवरून ५४ वर आलं. म्हणजे गेले साधारण १६७५ वॅट. थंड पाणी सेकंदाला ०.०६ किलो, २९ वरून ३४.५. म्हणजे आले १३८० वॅट. मधले जवळजवळ ३०० वॅट गेले कुठे?

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. घड्याळात पावणेपाच वाजलेले. सिनियरच्या जर्नलमध्ये फरक अडीच टक्के, आमचा सतरा-अठरा टक्के. ३४.५ चे ३५.५ केले की आमचाही फरक अडीच टक्क्यांवर येतो. केले. खाली 'सोर्सेस ऑफ एरर'मध्ये 'हीट लॉस टू सराउंडिंग्ज' हे परंपरागत वाक्य टाकलं, जे या कॉलेजात पिढ्यान् पिढ्या हस्ताक्षर बदलून चालत आलेलं आहे. सही झाली. व्हायवात दहापैकी नऊ मिळाले. विषय संपला.

तो परत सुरू झाला गेल्या वर्षी, एका शनिवारी संध्याकाळी. फर्स्ट इयरला अप्लाइड फिजिक्स शिकवणाऱ्या मॅडम होस्टेलच्या कॉमन रूममध्ये कधीमधी एखादा तास घेतात. सिलॅबसच्या बाहेरचं काहीतरी. उपस्थिती चांगली असते, कारण नंतर चहा आणि बटाटेवडे असतात. मीही वड्यांसाठीच गेलो होतो, उगाच खोटं कशाला सांगू. त्या दिवशी मॅडमनी फळ्यावर एका बिंदूपासून दोन बाण काढले, एकमेकांच्या विरुद्ध दिशेला. एक लांब, एक आखूड. आणि विचारलं, "दोन्ही सारखे असायला हवे होते. उरलेला कुठे गेला?"

मागून कोणीतरी ओरडलं, "हीट लॉस टू सराउंडिंग्ज!"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. पण आता सराउंडिंग्ज म्हणजे काय ते सांग. आणि लॉस झालाय हे सिद्ध करून दाखव."

मित्रहो, मी हसायचा थांबलो तो तिथे.

ते दोन बाण म्हणजे दोन जेट. जेट म्हटलं की आपल्याला विमान आठवतं आणि सिव्हिलवाल्यांना पाण्याचा फवारा. इथे सिव्हिलवाले जास्त जवळ आहेत. प्रोटॉनच्या पोटात क्वार्क आणि ग्लुऑन असतात. दोन प्रोटॉन प्रचंड वेगाने एकमेकांवर आपटले की बहुतेक वेळा नुसतं खरचटतं, पण क्वचित एकातला क्वार्क दुसऱ्यातल्या क्वार्कवर बरोब्बर बसतो आणि दोघंही बाजूला, एकमेकांच्या विरुद्ध दिशेला उडतात. क्वार्कची एक खोड आहे, तो एकटा कधीच हाती लागत नाही. बाहेर पडता पडता त्याच्यापासून नवनवे कण तयार होत जातात आणि डिटेक्टरला दिसतो तो अरुंद शंकूतून आलेला कणांचा फवारा. हा जेट. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरींत तो अमेरिकेत स्टॅनफर्डला १९७५ मध्ये पहिल्यांदा दिसला.

आता अकरावीत घोकलेला संवेग अक्षय्यतेचा नियम आठवा. इकडे एवढा जेट गेला तर तिकडेही तेवढाच गेला पाहिजे. जमा तेवढा खर्च. अगदी काटेकोर जुळतं असंही नाही. कधी तिसराच एक जेट फुटतो, कधी डिटेक्टरच थोडा चुकतो. पण हा नेहमीचा फरक किती असतो, हे साध्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरींतून आधी नीट मोजून ठेवलेलं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रोटॉनऐवजी सोन्याचे किंवा शिशाचे अख्खे अणुगर्भ आपटले की गंमत सुरू होते. शिशाच्या अणुगर्भात २०८ प्रोटॉन-न्यूट्रॉन. टक्कर झाली की ते सगळे अक्षरशः वितळतात आणि क्वार्क-ग्लुऑनचा एक रस्सा तयार होतो. त्याला क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा म्हणतात. वितळायला तापमान लागतं साधारण १ लाख ८० हजार कोटी अंश. सूर्याचं केंद्र दीड कोटी अंशांवर असतं, म्हणजे हे त्याच्या लाखपटीहून जास्त! महास्फोटानंतर पहिले काही मायक्रोसेकंद सगळं विश्व याच अवस्थेत होतं असं मानतात. आणि प्रयोगशाळेतला हा रस्सा टिकतो किती? एका सेकंदाचे एकावर तेवीस शून्य इतके तुकडे करा, त्यातले तीन-चार तुकडे. प्रकाशालासुद्धा अणुगर्भ ओलांडायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

तर अशा वस्तूत थर्मामीटर कुठून घालणार? बाहेरून काहीही आत सोडायला वेळच नाही. मग एकच मार्ग उरतो, टकरीतून आतल्या आत जो जेट जन्माला येतो त्यालाच थर्मामीटर समजायचं. तो रश्शातून बाहेर येताना किती दमला हे मोजायचं.

ही कल्पना जेम्स ब्योर्केन यांनी १९८२ मध्ये शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये एका टिपणात मांडली. क्वार्क त्या गरम रश्शातून जाताना ऊर्जा गमावेल, आणि टक्कर जर कडेला झाली असेल तर एक जेट सुखरूप बाहेर पडेल आणि दुसरा आतच विझेल, असं ते म्हणत होते. हे टिपण त्यांनी कुठल्याही जर्नलमध्ये छापलं नाही. प्रीप्रिंट म्हणूनच राहिलं. तरीही पुढची चाळीस वर्षं लोक त्याचा हवाला देत आले. ब्योर्केन २०२४ मध्ये गेले.

मला हे लक्ष्मी रोडवरच्या विसर्जन मिरवणुकीसारखं वाटतं. समजा दोघं मित्र गर्दीत पाठीला पाठ लावून उभे आहेत आणि एकदम विरुद्ध दिशेला पळत सुटले. गर्दीच्या कडेला उभे असतील तर एक जण दोन ढांगांत गल्लीत शिरेल आणि मोकळा होईल. दुसऱ्याला मात्र ढोल, ताशा, ट्रॅक्टर, गुलाल सगळं पार करून पलीकडे जायचंय. तो पोचला तरी चप्पल, टोपी, पिशवी वाटेत गळालेली असणार.

चप्पल गळणं हा नुसता विनोद नाही. ब्योर्केन यांचा हिशोब धक्क्यांचा होता. क्वार्क इतर कणांवर आदळत जाईल आणि प्रत्येक धक्क्याला थोडी ऊर्जा देईल, असा. नंतर नव्वदच्या दशकात मिक्लोश ग्युलाशी, शिन-न्यान वांग आणि बायर, दोक्षित्झर, म्यूलर वगैरे मंडळींनी दाखवलं की खरं नुकसान धक्क्यांनी होत नाही. धक्के खाताना क्वार्क ग्लुऑन उधळत जातो, त्यात मोठी ऊर्जा जाते. यातला एक निष्कर्ष मला फार आवडतो. रस्सा स्थिर धरला, पसरत नाही असं मानलं, तर हे नुकसान जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दुप्पट जाडी, चौपट नुकसान. आपलं नेहमीचं घर्षण असं वागत नाही. कारण ग्लुऑन सुटायलाही थोडा वेळ लागतो आणि तो सुटेसुटेपर्यंत रश्शातल्या कितीतरी कणांचे धक्के एकत्र जमा होतात. गणित मला झेपलेलं नाही, प्रामाणिकपणे सांगतो. पण डायमेन्शन्स तपासले, ते जुळतात.

इथपर्यंत सगळं कागदावर. मग २००० साली न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, ब्रुकहेवन प्रयोगशाळेत 'रिक' नावाचा कोलायडर सुरू झाला. ३.८ किलोमीटर घेराचं वर्तुळ, त्यात सोन्यावर सोनं. तिथे जेट अख्खा वेगळा काढणं फार अवघड होतं, कारण एका टकरीतून हजारो कण बाहेर पडतात. म्हणून त्यांनी फक्त जास्त संवेगाचे कण मोजले, जेटचे म्होरके म्हणा ना. आणि हिशोब असा घातला: सोन्या-सोन्याची समोरासमोर टक्कर म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या साधारण हजार टकरी. तर एका प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत असे जेवढे कण निघतात त्याच्या हजारपट इथे निघाले पाहिजेत. प्रत्यक्ष आकड्याला या अपेक्षित आकड्याने भागायचं. उत्तर एक आलं तर काहीच घडलं नाही.

उत्तर आलं साधारण ०.२. पाचातले चार गायब! शिवाय 'स्टार' नावाच्या डिटेक्टरने पाहिलं की एका बाजूला म्होरक्या दिसतो तेव्हा बरोबर समोरच्या बाजूचा त्याचा जोडीदार समोरासमोरच्या टकरींत दिसेनासाच होतो.

आता मित्रहो, आपण असतो तर काय केलं असतं? पेढे वाटले असते. थिअरीने सांगितलं होतं की जेट विझेल, जेट विझलेला दिसतोय, सही घ्या आणि चला. पण तिथे काही जणांनी एक भलतीच शंका काढली. म्हणाले, जेट रश्शात विझले हे कशावरून? कदाचित ते मुळात तयारच झाले नसतील. प्रचंड वेगातल्या सोन्याच्या अणुगर्भात ग्लुऑनची इतकी दाटी होते की ते एकमेकांत मिसळतात, मग जोरदार टकरी करायला पुरेसे ग्लुऑनच उरत नाहीत. म्हणजे पळणारा मित्र गर्दीने अडवला, का तो घरूनच लंगडत आला होता?

नुसत्या सोन्या-सोन्याच्या आकड्यांवरून हे सांगता येत नाही. दोन्ही गोष्टींचं उत्तर ०.२ च येऊ शकतं.

म्हणून २००३ मध्ये त्यांनी एका बाजूने सोनं ठेवलं आणि दुसऱ्या बाजूने ड्युटेरॉन सोडला. ड्युटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, बस्स. सोनं तेच, मशीन तेच, डिटेक्टर तेच, ऊर्जा तीच. फक्त मोठा गरम रस्सा तयार व्हायला एवढासा ड्युटेरॉन पुरत नाही. सोन्याचा अणुगर्भच लंगडा असेल तर इथेही कण कमी दिसतील. रस्सा दोषी असेल तर इथे कमी दिसणार नाहीत.

कमी दिसले नाहीत. समोरचा जोडीदारही जागेवर होता. चारही डिटेक्टरच्या गटांनी, म्हणजे स्टार, फिनिक्स, फोबोस आणि ब्राम्ज यांनी, ऑगस्ट २००३ मध्ये आपापले निष्कर्ष एकाच जर्नलमध्ये पाठोपाठ छापले. वर आणखी एक तपासणी २००५ मध्ये फिनिक्सने केली, ती फोटॉनची. त्याच जोरदार टकरींत फोटॉनही जन्माला येतात, पण रश्शाचं बल त्यांना लागूच होत नाही. मिरवणुकीतून भूत चालत गेल्यासारखं. फोटॉन पूर्ण मोजले गेले, भागाकार एकच्या आसपास आला. म्हणजे त्या 'हजार टकरी'च्या अपेक्षेतही खोट नव्हती. आता कुठे म्हणता आलं की ऊर्जा रश्शाने खाल्ली.

मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीचा हीरो जेट नाही, तो ड्युटेरॉन आहे. काही सनसनाटी दिसू नये म्हणूनच तो प्रयोग केला होता आणि तसं काही दिसलं नाही, हेच त्याचं यश.

पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये जिनिव्हाजवळ सर्नच्या एलएचसीमध्ये शिशावर शिसं आपटायला लागले. ऊर्जा रिकच्या जवळजवळ चौदापट. इथे जेट इतके जोरदार होते की ते अख्खेच्या अख्खे दिसले, म्होरक्यांवरून अंदाज बांधायची गरज राहिली नाही. ॲटलासने तीन आठवड्यांच्या आत पेपर पाठवला. एका बाजूला शंभर जीईव्हीच्या वरचा जेट, म्हणजे शंभराहून जास्त प्रोटॉनच्या वस्तुमानाएवढी ऊर्जा, आणि समोर फारच क्षीण काहीतरी. काही टकरींत समोर जेट म्हणावं असं काहीच नाही. मॅडमच्या फळ्यावरचे ते दोन बाण इथले होते.

मग सीएमएसच्या लोकांनी पुढचा प्रश्न विचारला, जो मी पावणेपाच वाजता विचारला नव्हता. गेली कुठे? ऊर्जा नष्ट तर होत नाही. २०११ मध्ये त्यांनी शंकूच्या बाहेरचे, अगदी कमी ऊर्जेचे, एरवी कचरा म्हणून सोडून द्यावेत असे कण मोजायला घेतले. आणि जमाखर्च जुळला! हरवलेली ऊर्जा दुबळ्या कणांच्या रूपाने जेटपासून दूर दूर विखुरलेली होती. टोपी आणि चप्पल चार चौक पलीकडे सापडली. आणखी गंमत म्हणजे दमलेल्या जेटची दिशा फारशी बदललेली नव्हती. धक्के खाऊन, खिसा कापून घेऊन, पण नाकासमोर सरळ बाहेर. २०१२ मध्ये याच गटाने समोर जेटऐवजी फोटॉन असलेल्या टकरी वेगळ्या काढल्या. फोटॉन काहीच गमावत नसल्यामुळे सुरुवातीला जेटच्या खिशात किती होतं हे तोच सांगतो. म्हणजे पाकीट मारायच्या आधीची पावती.

यातून रश्शाचा एक गुणधर्म काढतात, जसा आपण धातूची थर्मल कंडक्टिव्हिटी काढतो. त्याला क्यू-हॅट म्हणतात: ठरावीक अंतरात क्वार्कला बाजूचे धक्के किती बसतात याचं माप. २०१४ मध्ये सिद्धांतवाल्यांच्या एका मोठ्या गटाने रिक आणि एलएचसीचे आकडे एकत्र करून तो काढला. त्यांच्या एककात रिकसाठी १.२ अधिक-उणे ०.३, एलएचसीसाठी १.९ अधिक-उणे ०.७.

ते ०.७ बघा जरा. १.९ मध्ये ०.७ म्हणजे जवळजवळ ३७ टक्के! एवढी मोठी माणसं, आणि एवढी अनिश्चितता उजळ माथ्याने छापली. आपल्या लॅबमध्ये असतं तर लाल पेनाने 'रिपीट'.

आणि कोडं संपलेलंही नाही. २०१३ मध्ये एलएचसीत प्रोटॉन आणि शिसं आपटलं तेव्हा रश्शाच्या एकत्र वाहण्याच्या खुणा दिसल्या, पण जेट विझलेले दिसले नाहीत. वाहतं तर विझवत का नाही? म्हणून जुलै २०२५ मध्ये मधल्या आकाराचा अणुगर्भ घेतला, ऑक्सिजन, १६ कणांचा. ऑक्सिजनवर ऑक्सिजन. सीएमएसला तिथे जोरदार कणांमध्ये जास्तीत जास्त तीसेक टक्के घट दिसली. शिशात ती कितीतरी जास्त असते. एवढ्याशा थेंबातही थोडा तरी जेट विझतो. तो नक्की कुठल्या आकारापासून विझायला लागतो, यावर आत्ता लोक भांडतायत. 'याचा उपयोग काय' असं विचारणाऱ्या आमच्या रूमपार्टनरसाठी माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्या क्रिकेटचाही मला उपयोग नाही.

हे सगळं परक्यांचं आहे असंही समजू नका. फिनिक्समध्ये आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसं होती, सीएमएसमध्ये टीआयएफआरची आहेत, ॲलिसमध्ये आयआयटी मुंबईची. ॲलिसच्या डिटेक्टरसाठी 'मानस' नावाची चिप कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटने डिझाइन केली आणि ती चंडीगडला तयार झाली. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी नोंद घ्यावी.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो, कारण मॅगझिनच्या संपादकांनी मला लेख द्यायला सांगितलंय, फिजिक्सची जाहिरात करायला नाही.

या सत्रात थर्ड इयरच्या एका बॅचला त्याच हीट एक्स्चेंजरवर तोच सतरा टक्क्यांचा फरक आला. पोरं माझ्यापेक्षा शहाणी, किंवा माझ्यापेक्षा हट्टी म्हणा. त्यांनी आलं ते लिहिलं. 'रिपीट.' पुन्हा केलं, पुन्हा तेच. 'रिपीट.' तिसऱ्यांदाही तेच. सबमिशन दोन दिवसांवर आलेलं, टर्मवर्क अडकलेलं. त्यातला एक जण रात्री अकरा वाजता माझ्या खोलीवर आला, सिनियरचं जर्नल मागायला. माझं जर्नल! मी ट्रंकेतून काढलं, त्याच्या हातात दिलं आणि मग परत घेतलं. आणि त्याला ३५.५ ची हकिकत सांगितली.

दुसऱ्या दिवशी आम्ही लॅबच्या मामांना गाठलं. मामांनी थंड पाण्याच्या आउटलेटचा थर्मामीटर उपसला, पॉकेटमध्ये एक काडी घालून पाहिली आणि म्हणाले, "अरे, हे कोरडं ठाक पडलंय." थर्मामीटर ज्या पॉकेटमध्ये बसतो त्यात तेल असावं लागतं, नाहीतर पाण्याची उष्णता काचेपर्यंत नीट पोचत नाही आणि रीडिंग कमी येतं. मामांनी तेलाचे चार थेंब टाकले. रीडिंग जवळजवळ एका अंशाने वर गेलं.

म्हणजे मी लिहिलेलं ३५.५ हे जवळपास खरं होतं! मी खोटं लिहिलं आणि ते बरोबर निघालं. आणि माझ्या मते हेच जास्त वाईट. उत्तर चुकीचं असतं तर निदान कुणीतरी पकडलं असतं. आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं उत्तर 'बरोबर' करून दिलं, म्हणून ते पॉकेट कोरडंच राहिलं आणि थर्मामीटर चुकतोय हे कुणाला कळायचं कारणच उरलं नाही. आमची 'हीट लॉस टू सराउंडिंग्ज'सुद्धा थाप होती. लॉस नव्हताच, तेल नव्हतं. हरवलेली ऊर्जा खरंच कुठे गेली आहे, का फक्त मोजली गेली नाही, हे रिकवाल्यांनी वेगळं मशीन-टाइम काढून तपासलं. आमच्याकडे चार थेंब तेलाचा प्रश्न होता आणि तोही कुणी विचारला नाही, त्यात मीसुद्धा.

सरांना दोष देणं सोपं आहे, पण मला तसं करायचं नाही. सेटअप एक, पोरं सव्वाशे, युनिव्हर्सिटीचा ठरावीक फॉरमॅट, आणि वर्षाअखेरीला दीडेक हजार सह्या. अशा माणसाला अडीच टक्के दिसले की हायसं वाटणारच. आमच्यातलेही काही जण अगदी आळसाने चुकीचं मोजतात आणि मग 'सर, हेच आलं' म्हणून उभे राहतात, हेही खरं. 'रिपीट' लिहिण्यात तत्त्वतः काही वाईट नाही. पण तीनदा करूनही तेच आलं तर चौथ्यांदा पोराला नाही, सेटअपला रिपीट द्यायला पाहिजे.

काही स्टाफ मेंबर म्हणतील की प्रॅक्टिकल म्हणजे संशोधन नव्हे, माहीत असलेली गोष्ट पडताळून पाहणं एवढाच त्याचा हेतू. मान्य. पण पडताळणीत 'नाही जुळलं' हे उत्तर शक्यच नसेल तर पडताळलं काय? सोन्या-सोन्याच्या टकरीतलं ०.२ इतकं मोलाचं ठरलं ते एवढ्याचसाठी, की त्याच यंत्रावर ड्युटेरॉन घेऊन तसंच ०.२ येऊ शकलं असतं आणि आलं नाही.

माझी सूचना छोटी आहे आणि तिला बजेट लागत नाही. सत्राच्या सुरुवातीला एकदा एक्स्चेंजरच्या दोन्ही नळ्यांतून गीझरचंच पाणी सोडा. एक होज पाइप आणि दोन क्लिपा पुरतात. दोन्हीकडे सारखंच गरम पाणी, म्हणजे द्यायला-घ्यायला जवळपास काही नाही आणि चारही थर्मामीटरनी जवळजवळ सारखंच दाखवलं पाहिजे. जो मागे पडेल त्याचं पॉकेट बघा. दहा मिनिटांचं काम. आमच्या त्या थर्ड इयरच्या पोरांनी याला 'ड्युटेरॉन रन' असं नाव दिलंय, मामांनासुद्धा तोंडपाठ झालंय. दुसरी सूचना: जर्नलमध्ये आलेलं रीडिंग आणि त्याचा शोध घेतलेला असेल तर फरक कितीही असला तरी मार्क कापू नयेत. शोध घेतलेला नसेल तर खुशाल कापावेत, अडीच टक्के फरक असला तरी.

सरांशी बोलणं झालंय. पहिल्या सूचनेला त्यांनी लगेच हो म्हटलं, दुसरीसाठी 'डिपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये बघू' म्हणाले. त्या बॅचचं ३४.५ वालं पान त्यांनी तसंच ठेवू दिलं, शेजारी तेल घातल्यानंतरचं रीडिंग लिहायला लावून. माझ्या जर्नलच्या त्या पानावर मीही ३५.५ खोडून बाजूला ३४.५ लिहिलंय. त्यावर अर्थातच कुणाची सही नाही.

सध्या अडचण एवढीच आहे की उरलेल्या पॉकेटमध्ये घालता घालता बाटलीतलं तेल संपलं. स्टोअरला मागणी गेली आहे, असं मामा म्हणतात.